लेकरू कोणापाशी ठेवू?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी नोकरीभर पहिली-दुसरीचेच वर्ग मागून घेतले, असं संयोजकांनी मला पत्रात कळवलं होतं. त्यामुळे विषय शोधत बसावं लागलं नाही. लहान लेकरांचं घर, आणि तेही आपल्या आरमोरीसारख्या धानाच्या गावातलं, यावर मी आज बोलणार आहे. मुलं कशी वाढवावीत यावर मराठीत पुस्तकं काही कमी नाहीत. पण त्यांतली आई बहुधा ऑफिसातून घरी येते. आपल्या गावातली आई बांधीतून, म्हणजे धानाच्या खाचरातून येते, आणि तिला कुणी पुस्तकात घेतलेलं नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आपल्याकडे लहान मूल वाढवणं हे वर्षभर एकसारखं चालणारं काम नाही. ते धानाच्या मागे मागे चालतं. मृग लागला की घर बदलतं, रोवणी संपली की पुन्हा बदलतं, आणि हलका धान कापायला आला की आणखी एकदा. शासनाच्या योजना मात्र बारा महिने तेरा काळ एकाच वेळापत्रकावर चालतात. आपल्या लेकरांची अर्धी दुखणी या न जुळणाऱ्या वेळापत्रकात आहेत, असं माझं मत आहे.

तुमच्यापैकी निम्म्यांच्या पायाला अजून चिखल आहे, तुम्हाला रोवणी काय ते मी सांगायला नको. पण हे व्याख्यान छापून बाहेर जाणार आहे, म्हणून थोडं सांगतो. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वीस-पंचवीस दिवसांचे झाले, बांधीत पाणी साचलं, चिखलणी झाली की रोवणीला दम नसतो. पाऊस चार दिवस थांबला तर बांधी आटते, आणि पऱ्हे वाढून गेले तर त्यांना पुढे फुटवा कमी येतो. इटियाडोहचं पाणी ज्यांच्यापर्यंत पोहोचतं त्यांना थोडी उसंत. बाकीच्यांचा जीव बोडी म्हणजे लहान तळं, मामा म्हणजे माजी मालगुजारी तलाव आणि आभाळ यांच्यावर. म्हणून जुलैपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत अख्खा तालुका एकाच वेळी बायांच्या शोधात असतो. रोवणी बहुतेक गुत्त्यानं जाते. एकरामागे रक्कम ठरते आणि ती रोवणाऱ्या बायांच्या टोळीत सारखी वाटली जाते.

आता या टोळीत एक आठ महिन्यांच्या लेकराची आई आहे असं समजा. धुऱ्यावरच्या येनाच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधलेली आहे, वर प्लॅस्टिकचा कागद. बाया ओळीनं वाकून मागे मागे सरकत रोवताहेत. झोळीतून रडणं ऐकू येतं. ती लगेच उठत नाही. ती उठली की ओळीत एक भगदाड पडतं, शेजारणींना ते भरत जावं लागतं, आणि गुत्ता तर सगळ्यांचा मिळून आहे. शेजारणी काही म्हणत नाहीत, उलट ‘जा बाई, पाज’ असंच म्हणतात. पण दिवसातून तिसऱ्यांदा उठताना तिचीच मान खाली जाते. मग ती बांधीच्याच पाण्यात हात बुचकळते, पदराला पुसते आणि लेकराला छातीशी घेते. घाईघाईत पाजते. पोट पुरतं भरण्याआधीच लेकरू परत झोळीत जातं. पुढच्या वेळी रडू लागलं की कुणीतरी चिप्सचं पाच रुपयांचं पाकीट त्याच्या हातात देतं. पंधरा दिवसांनी त्याला जुलाब होतात आणि आपण म्हणतो, पावसाळा आहे, व्हायचंच.

हे ज्या बाईला नको असतं ती लेकरू घरी ठेवते. घरी म्हणजे कुणापाशी? ‘लेकरू कोनापाशी ठेवू जी?’ हा प्रश्न मी आशाताईंकडून, अंगणवाडीच्या सेविकांकडून, शाळेत नाव घालायला आलेल्या आयांकडून ऐकलेला आहे. आणि त्यावर शहाणी माणसं ठरलेलं उत्तर देतात: आजी आहे ना घरात.

या आजीबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे. आपल्या मनातली आजी सपरीत बसून सुपारी कातरणारी, पाठीत वाकलेली असते. प्रत्यक्षात आपल्याकडे नातू होतो तेव्हा आजी पंचेचाळीस-पन्नाशीची असते. रोवणीतली सगळ्यात तरबेज बाई तीच. तिचा हात सुनेपेक्षा भरभर चालतो, म्हणून टोळीवाली आधी तिला बोलावते आणि सुनेला नंतर. घराला दोन मजुऱ्यांची गरज असते तेव्हा सासू-सुना दोघी जातात. मागे उरते पणजी, तिला दिसत नाही; किंवा उरते तिसरी-चौथीतली मोठी बहीण. इथे बसलेल्या शिक्षकांना विचारा, जुलै-ऑगस्टच्या हजेरीपटावर कुणाच्या नावापुढे गैरहजेरी जास्त असते. मुलाच्या की मुलीच्या? शिक्षणहक्काचा कायदा २०१० पासून लागू आहे; पण त्या मुलीच्या कडेवर जे लेकरू आहे त्याला कुणी उतरवून घेतल्याशिवाय तो कायदा तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

कायद्याचा विषय निघालाच आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यानं कारखान्यात पाळणाघराची सक्ती केली. १९५१ च्या मळे कामगार कायद्यानं चहाच्या मळ्यात केली. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झालं. म्हणजे चहाची पानं खुडणाऱ्या बाईच्या लेकराचा विचार झाला, तेंदूची पानं तोडणाऱ्या बाईच्या लेकराचा झाला नाही. मे महिन्यात पहाटे अंधारात जंगलात जायचं, दुपारी घरी येऊन सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी न्यायचे, यात लेकरू कुठे आहे हे कुठल्याच कंत्राटात लिहिलेलं नसतं. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात मात्र एक चांगली ओळ होती: कामावर आलेल्या बायांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील, तर त्यांतल्याच एका बाईला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिलाही मजुरी द्यायची. कागदावर का होईना, लेकरू सांभाळणं हेही काम आहे आणि त्याची मजुरी होते, हे सरकारनं मान्य केलं. मला तर ही ओळ त्या सबंध कायद्यातली सगळ्यात शहाणी ओळ वाटते. पण रोवणी रोजगार हमीत येत नाही.

आता दुसऱ्या बाजूला या. आपल्याच जिल्ह्यानं देशाला काय दिलं ते बघा, म्हणजे हे काम अशक्य नाही हे पटेल. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरपासून वेगळा झाला, आणि चारच वर्षांनी, १९८६ साली, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग इथं आले. त्यांच्या ‘सर्च’ संस्थेनं आधी बाळाच्या न्यूमोनियावर काम केलं, मग जन्मल्यापासूनच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांवर. दवाखाना दूर, रस्ता पावसात बंद, बाळंतपण घरी. मग उपचारच घरी न्यायचा असं त्यांनी ठरवलं. ३९ गावांमध्ये गावातल्याच बायांना शिकवून आरोग्यदूत केलं. बाळाचा श्वास मोजायचा, त्याला उबदार ठेवायचं, वजन करायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची आणि गरज पडली तर इंजेक्शनही द्यायचं. तिसऱ्या वर्षी त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांच्या मानानं ६२ टक्क्यांनी घटले. या कामावरचा निबंध डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा बालमृत्यूंचा अहवाल आला तेव्हा सरकार हादरलं. आणि २०११ पासून आशाताईंमार्फत हीच पद्धत देशभर सुरू झाली. आज दिल्ली-बिहारकडची आशाताई बाळाच्या घरी जाऊन जे करते, त्याची सुरुवात आपल्या धानाच्या बांध्यांतून झाली आहे, हे आपल्या पोरांना आपण शाळेत का शिकवत नाही, देव जाणे.

पण याच हिशेबात पुढचं भोक दिसतं. आशाताई बेचाळीस दिवसांपर्यंत ठरलेल्या भेटी देतात. २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांपासून सुरू झालेल्या कार्यक्रमाप्रमाणे पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याला त्या पुन्हा येतात. पंधराव्या महिन्यानंतर ठरलेली भेट नाही. इकडे अंगणवाडीत बसवून गरम जेवण मिळतं ते तिसऱ्या वर्षापासून. त्याआधी, सहा महिने ते तीन वर्षं, घरी न्यायचं पाकीट मिळतं. ते पाकीट घरी जातं. पण घरात ते शिजवून, दिवसातून चारदा थोडंथोडं भरवणारं कोण आहे? हे लेकरू धावू लागलेलं असतं, झोळीत राहत नाही, धुऱ्यावर बसत नाही. बोडी जवळ, कालवा जवळ. दूध सुटत आलेलं असतं, आणि त्याच्या पोटाचा आकार एवढा की एका वेळी दोन घासांपलीकडे जात नाही. दिवसातून दोनदा मोठ्यांबरोबर भात आणि वरणाचं पाणी खाऊन ते वाढत नाही. मूल खुरटतं ते याच दीड-दोन वर्षांत, आणि त्यातही रोवणी आणि कापणीच्या आठवड्यांत. नेमक्या याच वयाच्या लेकरासाठी गावात बसायला जागा नाही.

शेजारी काय झालं ते सांगतो. छत्तीसगडातल्या गनियारीच्या ‘जन स्वास्थ्य सहयोग’च्या डॉक्टरांना अचानकमारच्या जंगलपट्टीत हेच दिसलं. तीही धानाचीच गावं. त्यांनी ‘फुलवारी’ सुरू केली: सहा महिने ते तीन वर्षांची आठ-दहा लेकरं, गावातलंच एक घर, गावातलीच एक बाई, दिवसातून तीन वेळा खाणं. सत्तू, खिचडी, अंडं. आई शेतावरून येईपर्यंत लेकरू तिथे. मोठ्या इमारती नाहीत, गणवेश नाहीत. पुढे छत्तीसगड सरकारनं त्या धर्तीवर स्वतःची योजनाही आणली. आपल्याकडे केंद्राची ‘पाळणा’ योजना २०२२ पासून कागदावर आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं अशी. चांगलं आहे. ते आपल्या गावात कधी येईल याची वाट बघत बसू नका, एवढंच माझं म्हणणं.

आणि हे काही परकं खूळ नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून या बाया रागावल्या नाहीत. त्यांनी बालवाडी उचलून वारली पाड्यांच्या अंगणात नेली. पोरं गुरं चारायला जातात म्हणून शाळा कुरणात नेली. मोठी बहीण धाकट्याला सोडून शाळेत येऊ शकत नाही, हे ओळखून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच ठिकाणी आणले. आज देशभर अंगणवाडी हा शब्द चालतो, पण अंगणात जाणं तेवढं थांबलं. सकाळी कुलूप उघडतं, दुपारी लागतं. बाया शेतावरून परततात दिवे लागायच्या वेळी. यात सेविकेचा दोष नाही. तिचीही एक-दोन एकर रोवणी असते आणि तिचंही लेकरू कुणाकडे तरी ठेवलेलं असतं.

हे ऐकून सगळं रडगाणंच आहे असं वाटायला नको. आपल्या गावात लहान लेकराला जो आनंद मिळतो तो नागपूरच्या फ्लॅटमधल्या मुलाला पैसे टाकून मिळायचा नाही. रोवणी संपते, पोळा येतो आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला सण. लाकडी नंदीबैल ओढत पोरं घरोघरी फिरतात, बोजारा गोळा करतात, आणि तीन वर्षांच्या पोराच्या बैलालाही मोठी माणसं गंभीर चेहऱ्यानं ओवाळतात. भुलाबाईच्या वेळी पोरी खिरापत ओळखायला बसतात. दिवाळीनंतर मंडया भरतात, वडशाच्या कंपन्यांची झाडीपट्टी नाटकं सुरू होतात. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि खेळ पहाटेपर्यंत चालतो. सतरंजीवर आई, बाप, आजी आणि पांघरुणात गुंडाळलेली दोन लेकरं. त्यांना नाटक कळत नाही, पण गाव एकत्र बसतं म्हणजे काय ते कळतं. याच नाटकांतले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा या पट्टीतल्या कित्येक घरांना वाटलं असेल की हा आपल्या लहानपणीच्या जागरणांचा सत्कार आहे.

हा एकत्र बसण्याचा भाग महत्त्वाचा आहे, कारण लेकरू सांभाळायची जुनी व्यवस्था त्यावरच उभी होती. शेजारीण बघायची, टोली म्हणजे सगळी वस्ती बघायची. ती व्यवस्था आता दोन-तीन बाजूंनी कुरतडली गेली. शेवटचा पाऊस गेला, धान विकून झाला की काही कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात, टोली रिकामी होते. मोहफुलाच्या दिवसांत पूर्वी पोरं आईच्या मागे जंगलात जायची. आता जात नाहीत, आणि जाऊही नयेत. ज्याच्या नावावर तेरा माणसांचे बळी होते तो सीटी-१ वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडशाच्या जंगलात पकडला. पण तो एकच वाघ नव्हता. २०२१ पासून हत्तींचा कळपही जिल्ह्यात फिरतो आहे. धुऱ्यावर झोळी बांधून अर्धा तास पाठ फिरवणं आता जंगलालगतच्या बाईला परवडणारं नाही.

बापांबद्दल मी अजून काही बोललो नाही, ते मुद्दामच शेवटी ठेवलं. चिखलणी आता ट्रॅक्टरनं होते. पूर्वी जो पुरुष दिवसभर नांगरामागे चालायचा, त्याचं काम दोन तासांत उरकतं. बाईची रोवणी मात्र अजून हातानंच होते, पाठ वाकवूनच. मग उरलेला वेळ कुठे जातो? १९९३ पासून आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि ती आणली ती बायांच्या आंदोलनानं. २०१५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातही झाली, २०२१ मध्ये ती उठली. आज वैनगंगेचा पूल ओलांडून त्या जिल्ह्यात गेलं की दारूचं दुकान उघडं आहे. कुणाला उपदेश करायला मी आलेलो नाही. पण रोवणीच्या दिवसांत ज्या घरात बाप दुपारी लेकराला भरवतो, ते घर मी ओळखू शकतो: त्या घरातली मोठी मुलगी शाळेत असते. पोराला न्हाऊ-माखू घालणारा बाप आपल्याकडे थट्टेचा विषय होतो. ही थट्टा चौकात बसणारे पुरुषच करतात, म्हणून ती थांबवायचं कामही त्यांचंच.

आता करायचं काय? मला फार मोठं काही सुचवायचं नाही. रोवणीचे सहा आठवडे आणि कापणीचे तीन-चार आठवडे, एवढाच काळ धरा. प्रत्येक टोलीत किंवा वॉर्डात एक घर, एक-दोन बाया, आठ-दहा लेकरं, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. बायांना रोवणीएवढीच मजुरी, तिच्यापेक्षा एक रुपयाही कमी नाही. नाहीतर हुशार बाई रोवणीलाच जाईल आणि लेकरांपाशी उरेल ती जिला कुणी बोलावत नाही. जेवणात भात-डाळ आणि रोज एक अंडं, पाणी उकळलेलं, मच्छरदाणी हवीच, कारण मलेरिया याच महिन्यांत वाढतो. आशाताईनं आठवड्याला एकदा वजन करावं. टोळीनं गुत्ता ठरवतानाच एकरामागे थोडी रक्कम पाळण्यासाठी धरावी, आणि तेवढीच शेतमालकानं घालावी. ज्याला आठ दिवसांत रोवणी उरकून हवी आहे, त्याचाही यात फायदाच आहे.

उरलेल्या खर्चासाठीही पैसा आहे. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. आरमोरीत आता नगर परिषद आहे, तिथेही या कामासाठी वेगळी समिती असते. हा निधी शिलाई मशीन आणि खुर्च्यांवर जातो, कारण तसा ठराव कुणीतरी आधी लिहून आणतो. पाळण्याचा ठराव आजवर कुणी लिहून नेलेला माझ्या ऐकण्यात नाही.

गावागावांत ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरते. १५ ऑगस्टपर्यंत रोवणी संपत आलेली असते, तेव्हा बोलून उपयोग नाही. ठराव १ मेच्या सभेत मांडा, आणि मांडायला बायांनी यावं. त्या दिवशी लेकरं सांभाळायला गावातल्या पुरुषांना बसवा.